नमुना क्रमांक सातच्या कण्याचा अहवाल सोमवारपूर्वी मागे घेणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
भार, गती व श्रमस्वास्थ्य संशोधन केंद्र,
उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : राजकुमार बन्सी त्रिभुवन, मुकादम, हमाल टोळी क्र. ४, वैजापूर.

विषय : नमुना क्र. ७ यांच्या पाठीविषयी आपल्या केंद्राने काढलेला निष्कर्ष संशयास्पद असल्याने तो सोमवार दि. १४ जुलै २०२५, सकाळी दहापूर्वी मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या केंद्राचा अहवाल 'गोणी वाहणाऱ्या कामगारांच्या कण्यावरील ताण', जून २०२५.
२) वखारीचे व्यवस्थापक श्री. अप्पाराव यांचे पत्र, दि. ४ जुलै २०२५.
३) अर्जदाराने स्वतः केलेली चौकशी.

महोदय,

१. मी वैजापूर येथील एका खासगी धान्य वखारीत टोळी क्रमांक चारचा मुकादम आहे. टोळीत मी धरून बारा हमाल आहेत. बारावीपर्यंत शिकलो असल्याने टोळीचे सगळे अर्ज मीच लिहितो आणि आजवरच्या एकाही अर्जात खाडाखोड नाही. खाडाखोड झालेल्या कागदावर अधिकारी संशय घेतात. त्यांच्या जागी मी असतो तर मीही घेतला असता. म्हणून या अर्जात एकदा लिहिलेले वाक्य मी खोडणार नाही, मग पुढे काहीही निघो.

२. आपल्या केंद्राने दि. ३ ते १७ फेब्रुवारी या काळात आमच्या टोळीवर संशोधन केले. बाराही जणांच्या कमरेला काडेपेटीएवढे यंत्र असलेला पट्टा बांधून, पाठीचा कणा दिवसभरात किती वाकतो आणि किती दबतो, हे मोजायचे होते. जूनमध्ये अहवाल आला. त्यातील नमुना क्रमांक सात म्हणजे माझे दाजी, कडुबा लक्ष्मण मगरे, वय ५६. अहवाल म्हणतो की नमुना क्रमांक सात कामाच्या वेळेपैकी शेकडा ऐंशी वेळ संपूर्ण विश्रांतीत असतो आणि त्याच्या कण्यावरील ताण खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसापेक्षाही कमी आहे.

महोदय, कडुबा यांनी एकतीस वर्षे पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन, फळीवरून चढून, थप्पी लावलेली आहे. गेल्या थंडीपासून त्यांचा डावा पाय बधिर झाला आहे. माझी बहीण सत्यभामा सांगते, "चप्पल पायात हाय का नाय, हे त्यांना खाली बघूनच कळतं. एकदा तर एकाच पायात घालून बाजार करून आले." त्यांनी वखारीकडे गोण्यांची तोंडे शिवण्याचे, बसून करायचे काम मागितले होते. व्यवस्थापक श्री. अप्पाराव यांनी आपला अहवाल जोडून ते नाकारले. वर असेही कळवले की सोमवारी सकाळी दहा वाजता कडुबा यांनी एक गोणी सर्वांसमक्ष फळीवरून थप्पीवर चढवून दाखवावी. ती चढवली तर ते धडधाकट आहेत असे समजून शिवणकामाचा विषय कायमचा बंद होईल. विज्ञानाप्रमाणे हा माणूस आधीच बसलेला आहे, त्याला आणखी कुठे बसवू, असे ते तोंडी म्हणाले. म्हणून मी स्वतः चौकशी सुरू केली.

३. अहवालात कोणीतरी हात घातला आहे, असा माझा संशय आहे. पहिला संशय डॉ. निशा मॅडम यांच्यावर. त्या आपल्याकडे कामाच्या ठिकाणचे आरोग्य पाहतात. मॅडम बोलायला गोड आहेत, ही पहिली खूण. त्यांनी प्रत्येकाला पाठ किती दुखते ते शून्य ते दहा यांतील एका आकड्यात सांगायला लावले. कडुबा यांनी शून्य सांगितला. हा शून्य खोटा आहे, हे मॅडमना कळायला हवे होते, कारण विचारणा चालू असताना टेबलाला लागून अप्पारावांची खुर्ची होती आणि खुर्चीत अप्पाराव होते. शिवाय विंचू चावला तरी आधी हातातला चहा संपवणारा हा माणूस आहे. त्याला विचारून काही कळत नसते. त्याच्या बायकोला विचारावे लागते. सत्यभामाला कोणीही विचारलेले नाही.

४. पट्ट्यांच्या बाबतीत आमच्याकडून कसूर झाली, असा उलटा आरोप होऊ शकतो. म्हणून आताच खुलासा करतो. बारा पट्ट्यांसाठी माझी सही घेण्यात आली होती. कागदावर शब्द होते, 'उपकरणे सुस्थितीत परत करण्याची जबाबदारी मुकादमाची राहील.' पट्टे परदेशातून आलेले आहेत, जपा, असे मॅडमनी दोनदा बजावले. त्या रोज सकाळी आठला स्वतः पट्टे बांधून देत, अर्धा तास थांबत आणि जात. पहिला ट्रक साडेनऊला लागतो. ट्रक लागला की मी सर्वांना पट्टे काढायला लावत असे. गोणीच्या सुतळीत अडकून पट्टा उसवला किंवा घाम शिरून यंत्र बंद पडले, तर जबाब कोण देणार? वखारीच्या खिडकीशेजारी मी ओळीने बारा खिळे ठोकले, खडूने आकडे घातले, आणि प्रत्येक पट्टा कापड दुकानाच्या स्वच्छ पिशवीत घालून आपापल्या खिळ्याला टांगायची शिस्त लावली. अकराच्या आणि चारच्या चहाला मात्र सर्वांनी पट्टे बांधलेच पाहिजेत, असा माझा दंडक होता, म्हणजे वापरलेच नाहीत असे कोणी म्हणू नये. यंत्राला अंगाची ओळख तर सकाळीच झालेली असे. डॉक्टर काही दिवसभर नाडी धरून बसत नाहीत.

शेवटच्या दिवशी पट्टे परत केले तेव्हा मॅडम थक्क झाल्या. इतक्या ठिकाणी पट्टे दिले, पण एवढे कोरे कोणी परत केले नाहीत, असे त्या म्हणाल्या आणि 'सर्व बारा उपकरणे उत्तम स्थितीत' अशी पोच लिहून दिली. पोच सोबत जोडली आहे. आमची टोळी कशी आहे हे तिच्यावरून कळावे.

५. दुसरा संशय प्रा. काकासाहेब सर यांच्यावर. ते सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे आहेत, म्हणजे त्यांचे सगळे काम खडू आणि फळ्यावर चालते. त्यांनी आम्हाला समजावून सांगितले की माणूस चालू लागला की गोणीतले दाणे कधी दगडासारखे घट्ट राहतात, तर कधी पाण्यासारखे वाहतात आणि तिसऱ्या-चौथ्या पावलाला वजन एका अंगाला सरकते. ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. सोयाबीन यात सर्वांत बदमाश, मका त्याच्या खालोखाल. म्हणूनच पाठीवर घेण्याआधी आम्ही गोणी दोनदा जमिनीवर आपटून घेतो. पण ज्या गृहस्थांनी जन्मात गोणीला हात लावला नाही, त्यांना ही आतली गोष्ट कळली कशी? टोळीतूनच कोणीतरी फोडली असणार. माझा दाट संशय सांडू या हमालावर होता, कारण तो एकदा सरांच्या गाडीतून थेट शहरात, औरंगपुऱ्यापर्यंत गेला होता. त्याला विचारले तर म्हणाला, "मुकादम, म्या त्यांना फकस्त रस्ता दावला. लई इचारत व्हते, पर म्या काय नाय बोललो." नाय बोललो, असे तो तीन वेळा म्हणाला. न बोललेला माणूस इतके बोलत नाही.

६. तिसरा संशय प्रेरणा मॅडम यांच्यावर. त्या संगणकीय यांत्रिकी पाहतात. पट्ट्यांतील माहिती घेऊन त्या संगणकात दोन लाख बारीक तुकड्यांचा एक माणूस जोडतात, आणि कोणत्या तुकड्यावर किती दाब येतो ते संगणक काढतो. माणूस मोजायला त्याचे तुकडे कशाला करावे लागतात, याचे समाधानकारक उत्तर मला फोनवर मिळाले नाही. संगणकातले हे कडुबा सुटीच्या दिवशीही चालू असतात, असेही त्या बोलण्याच्या ओघात सांगून गेल्या. म्हणजे खरा माणूस विश्रांतीत दाखवायचा आणि खोट्याकडून रविवारीही काम करून घ्यायचे. या दोघांच्या हजेरीची अदलाबदल झाली असावी, असा माझा कयास आहे.

७. चौथा संशय, क्षमा असावी, आपल्यावर आहे. अहवालाच्या मुखपृष्ठावर एक हमाल पाठीवर गोणी घेऊन हसत आहे आणि खाली हिरव्या शाईत आपली सही आहे. हा इसम आमच्या टोळीतला नाही. तो कोणत्याच टोळीतला नसावा. त्याच्या मानेची शीर उभी नाही, पायाची बोटे जमिनीला धरून नाहीत, आणि गोणीचा खालचा कोपरा फुगायच्या ऐवजी आत गेलेला आहे. त्या गोणीत भुसा तरी आहे किंवा रद्दी तरी. ज्या कार्यालयाचा मुखपृष्ठावरचा हमाल खोटा, त्याच्या आतल्या पानांवर आम्ही विश्वास कसा ठेवावा? तरी हा परिच्छेद वाचून आपण अर्ज बाजूला ठेवू नये, पुढे वाचावे.

येथपर्यंतचा मजकूर मंगळवार, दि. ८ जुलै रोजी लिहिला आहे. पुढील मजकूर शुक्रवार, दि. ११ जुलैचा आहे. मधल्या तीन दिवसांत जे झाले त्यामुळे वरील काही वाक्ये मला आज वाचवत नाहीत, परंतु खोडणार नाही असे मी लिहून बसलो आहे.

८. बुधवारी मी एसटीने शहरात येऊन रिक्षाने आपल्या केंद्रात पोचलो. पुरावा हातात आल्याशिवाय हलायचे नाही, असे ठरवून डबा बरोबर घेतला होता. प्रेरणा मॅडमनी कसलीही आडकाठी न करता मला खुर्ची दिली, हेही मला तेव्हा संशयास्पद वाटले. त्यांनी पडद्यावर नमुना क्रमांक सात दाखवला. निळ्या रंगाचा माणूस, तारीख ११ फेब्रुवारी. सकाळी आठ ते साडेनऊ तो इकडेतिकडे वळतो, खाली बसतो, उठतो. साडेनऊनंतर एकदम ताठ होतो आणि तसाच राहतो. वाकत नाही, वळत नाही, श्वासाने पोट हलते तेवढेही हलत नाही. अकराला पंधरा मिनिटे जिवंत होतो. पुन्हा ताठ. चारला परत थोडी हालचाल, मग पुन्हा ताठ. मी म्हणालो की हा माणूस मेलेला आहे. मॅडम म्हणाल्या की त्यांनाही नवल वाटले होते, पण बाराही जणांचे आकडे असेच आले, तेव्हा तुमच्याकडे काम कमी असेल असे त्यांनी धरले.

मग त्यांनी मला कौतुकाने आणखी एक गोष्ट दाखवली. त्याच दिवशी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी बाराही निळी माणसे एकाच क्षणी डावीकडे झुकली, उजवीकडे आली आणि झुलत झुलत शांत झाली. एकत्र श्रम करणारी माणसे एकमेकांना काही न सांगता आपोआप एका लयीत येतात, असा नवा नियम काकासाहेब सरांनी त्यातून काढला आहे आणि त्यावरचा त्यांचा निबंध पुढच्या महिन्यात परदेशात वाचला जाणार आहे. हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. चोरी सापडली, असे वाटले. बारा हमाल भर कामात एकदम डोलतील, हे कोणत्याही वखारीत शक्य नाही. आमच्या टोळीचे तर चहात साखर किती यावरही एकमत होत नाही. हा धडधडीत बनाव आहे, असे म्हणण्यासाठी मी तोंड उघडले आणि मला ट्रक आठवला.

९. दि. ११ फेब्रुवारी, मंगळवार. मक्याचा ट्रक मागे घेताना चालकाने वखारीच्या भिंतीला धडक दिली होती. खिडकीची काच फुटली. आवक वहीत त्याची नोंद आहे, वेळ बारा चाळीस, अक्षर माझे. त्या वेळी आम्ही बाराही जण फळीवर आणि थप्पीवर होतो. भिंत हादरली तेव्हा भिंतीला आमच्यापैकी कोणी लटकलेले नव्हते. भिंतीला पट्टे लटकलेले होते.

मी उघडलेले तोंड मिटले. मॅडमनी चहा मागवला, तो मी प्यायलो, दोन बिस्किटेही खाल्ली, आभार मानले आणि काही न सांगता वैजापूरची गाडी पकडली. हे मुद्दाम लिहितो, कारण मला त्याची लाज वाटते. सबंध प्रवासात मी एकच विचार करत होतो, की हे दुसऱ्या कोणावर ढकलता येईल का. 'दिवसभर बांधून ठेवा' असेही निशा मॅडमनी सांगितले होते आणि ते माझ्या चांगले लक्षात होते. पण बांधायचे की जपायचे, असा पेच पडला तेव्हा मी सही कशावर केली आहे ते पाहिले. सही जपण्यावर होती. साहेबाच्या वस्तूला ओरखडा येऊ नये, हे आमच्या अंगात इतके मुरले आहे की माझ्या घरातल्या टीव्हीच्या रिमोटवरचे प्लास्टिक तीन वर्षे झाली तरी कोणी काढलेले नाही. कडुबा यांनीही एकदाही कुरकुर केली नाही. बधिर पायावर उभे राहून ते रोज पट्टा पुसत आणि घडी पडणार नाही असा सात नंबरच्या खिळ्याला लावत.

१०. तेव्हा वस्तुस्थिती अशी की आपल्या केंद्राने कोणाच्याही कण्याचा अभ्यास केलेला नाही. बारा खिळ्यांचा केला आहे. खिळ्यांवर फारसा ताण नाही, हे अहवालात अगदी बरोबर आले आहे.

परिच्छेद तीन ते सातमधील संशय मी तरीही पूर्ण मागे घेत नाही. निशा मॅडम पंधरा दिवसांत एकदाही ट्रक लागल्यावर बघायला आल्या नाहीत. प्रेरणा मॅडमना आठ तास न हलणारा माणूस दिसला आणि एक फोन करण्याऐवजी त्यांनी आम्हाला आळशी धरले. सरांना भिंतीच्या धक्क्यात निसर्गाचा नियम सापडला. आपण सही केली. सांडूचा मात्र काही दोष नाही, त्याची मी माफी मागितली आहे. संशयितांच्या यादीत पहिले नाव माझे घालावे आणि बाकीची त्याखाली क्रमाने राहू द्यावीत.

११. काल गुरुवारी मी हे सगळे कडुबा यांना त्यांच्या घरी जाऊन सांगितले. सत्यभामा भाकरी करत होती. कडुबा यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुझी सही हाय ना त्याच्यावर? मग राहू दे. उगं तुला कोणी बोलायचं." मी अर्ज करतो म्हणालो. ते म्हणाले, "नको राजू. सोमवारी उचलतो एक गोणी. एका गोणीनं काय व्हतंय." सत्यभामा तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "एका गोणीनंच झालंय. एकतीस वर्सं काय दोन-दोन उचलत व्हते व्हय?" मला जेवण गेले नाही.

दहावीच्या सुटीत मी पहिल्यांदा वखारीत आलो तेव्हा माझ्या पाठीवर पहिली गोणी कडुबा यांनी ठेवली आणि फळी संपेपर्यंत मागून हाताने तोलून धरली. हमालाला मागून कोणी धरत नसते, प्रत्येकाच्या पाठीवर स्वतःची गोणी असते. त्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या गोण्या मागे पडल्या आणि त्यांनी त्या संध्याकाळी एकट्याने चढवल्या. अशा माणसाला मी परदेशी पट्ट्यापेक्षा कमी जपले, याचे मला फार वाईट वाटते.

१२. तरी माझी मागणी अशी आहे. नमुना क्रमांक सातविषयीचा निष्कर्ष चुकीच्या मापावर आधारलेला असून तो मागे घेण्यात येत आहे, असे दोन ओळींचे पत्र आपल्या सहीने श्री. अप्पाराव यांना सोमवारी सकाळी दहापूर्वी मिळावे. टपालाने पोचणार नाही. मी शनिवारी आपल्या दारात बसतो, पत्र माझ्या हाती द्यावे. चूक मुकादमाची आहे, असे त्यात खुशाल लिहावे. मोजमाप पुन्हा करायचे असेल तर पट्टा माझ्या कमरेला बांधावा आणि पहिल्या ट्रकापासून शेवटच्या ट्रकापर्यंत तो निघणार नाही याची सही मी देईन. फाटला तर फाटला. कडुबा यांना मात्र आता मोजू नये, बसवावे. सरांच्या निबंधाचे काय करायचे ते सरांनी ठरवावे. ट्रकचालकाचा पत्ता हवा असल्यास मी देऊ शकतो.

सोमवारच्या आधीच का, ते लिहून थांबतो. सोमवारी तिथे अप्पाराव असतील आणि बाकीच्या टोळ्याही काम सोडून बघायला उभ्या राहतील. फळीवर गेल्यावर कडुबा यांना आपला डावा पाय कुठे पडतो आहे ते कळणार नाही, आणि पाठीवर गोणी असताना खाली बघता येत नाही. तरी ते ती टाकणार नाहीत. लोकांसमोर गोणी टाकणे त्यांना एकतीस वर्षांत जमलेले नाही. ते पडले नाहीत तर ती गोणी वर चढवतील. चढवली की ते धडधाकट ठरतील आणि मंगळवारपासून रोज चढवतील.

आपल्या सहीसाठी दारात बसणारा,
राजकुमार बन्सी त्रिभुवन
मुकादम, हमाल टोळी क्र. ४, वैजापूर
दि. ११ जुलै २०२५

सोबत :
१) अहवालातील नमुना क्र. ७ चे पान, झेरॉक्स.
२) श्री. अप्पाराव यांचे पत्र, झेरॉक्स.
३) आवक वहीतील दि. ११ फेब्रुवारीचे पान, झेरॉक्स.
४) पट्टे उत्तम स्थितीत परत मिळाल्याची पोच, मूळ प्रत. ती परत नको.